एका प्रश्नाला एक रात्र: पुणे, म्युनिक आणि शिकागोची टीम चालवताना

पुण्यातल्या डेव्हलपरने संध्याकाळी सहाला विचारलेला प्रश्न शिकागोत सकाळी काम सुरू झाल्यावर वाचला जातो. उत्तर येतं तेव्हा विचारणारी जेवायला बसलेली असते, नाहीतर झोपलेली असते. ती ते वाचते दुसऱ्या दिवशी, आणि त्यात एखादा मुद्दा सुटला असेल तर पुन्हा संध्याकाळ व्हायची वाट बघते. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या ठरलेल्या टप्प्यात, कामाचे दिवस दहाच. एका स्टोरीवर, म्हणजे कामाच्या एका तुकड्यावर, अशा तीन रात्री गेल्या की ती पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकलली जाते, आणि त्यात कुणीही कामात कुचराई केलेली नसते.

मी पुण्यात खराडीला बसून अशी टीम सांभाळते. गोदामातल्या मालाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर आहे. डेव्हलपर आणि टेस्टर तिन्ही शहरांत आहेत, प्रॉडक्ट ओनर (काय बनवायचं ते ठरवणारी) म्युनिकला आणि ग्राहक शिकागोच्या बाजूला. नव्याने अशी टीम हातात आलेल्यांसाठी हे लिहिते आहे. टूल कोणतं, मीटिंग किती, हे प्रश्न लोक आधी विचारतात. मी आधी एकच बघते: या पद्धतीने वाया जाणाऱ्या रात्री कमी होतात का?

आम्ही अजाइल पद्धतीने, म्हणजे छोट्या टप्प्यांत, काम करतो. अजाइलचा जाहीरनामा फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत, युटा राज्यातल्या स्नोबर्डला सतरा जणांनी मिळून लिहिला. त्यातलं एक तत्त्वच सांगतं की माहिती पोचवायचा सर्वांत परिणामकारक मार्ग म्हणजे समोरासमोर बोलणं. म्हणजे स्टँडअप (रोजची छोटी बैठक), प्लॅनिंग, रेट्रो (स्प्रिंट संपल्यावरचा आढावा) यांच्यामागे एका खोलीत बसलेली माणसं गृहीत धरलेली आहेत. तेच सगळं जसंच्या तसं व्हिडिओ कॉलवर नेलं की पुण्याची संध्याकाळ कॉलमध्ये जाते आणि काम मात्र रात्रभर अडकलेलंच राहतं.

आधी घड्याळं मांडा

भारताचं घड्याळ वर्षभर तेच असतं, बाकी दोघांची बदलतात. म्युनिक आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेतीन. शिकागो हिवाळ्यात साडेअकरा आणि उन्हाळ्यात साडेदहा तास मागे. त्यात भर म्हणजे दोघांची घड्याळं एकाच दिवशी बदलत नाहीत. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी काटे पुढे करते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे करतो आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. २०२६ मध्ये ८ मार्च ते २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर या काळात म्युनिक आणि शिकागोमधलं अंतर सातऐवजी सहा तासांचं असतं. या आठवड्यांत निम्मी टीम कॉलला एक तास लवकर येते, नाहीतर उशिरा.

यावर उपाय सोपा आहे. सगळ्यांचा कॉल एकाच शहराच्या घड्याळाला बांधा. आम्ही म्युनिकच्या दुपारी तीनला बांधला आहे. उन्हाळ्यात तेव्हा पुण्यात संध्याकाळचे साडेसहा आणि शिकागोत सकाळचे आठ. हिवाळ्यात पुण्यात साडेसात, शिकागोत आठच. मधल्या विचित्र आठवड्यांत पुण्यात साडेसात आणि शिकागोत नऊ. कॅलेंडरमधलं निमंत्रण म्युनिकच्या व्यक्तीनेच तयार करायचं किंवा त्याचा टाइम झोन हाताने म्युनिकचा निवडायचा. पुण्याचा टाइम झोन राहिला तर घड्याळ बदलल्यावर बाकी दोन्ही शहरांची वेळ सरकते.

वेळ लिहिताना शहराचं नाव लिहा: 'पुणे १८:३०'. 'आयएसटी' लिहू नका, कारण आयर्लंड आणि इस्रायलच्या वेळेलाही तेच लघुरूप वापरतात. आणि 'उद्या सकाळी', 'दिवसअखेर' हे शब्द टिकेटमध्ये, म्हणजे कामाच्या नोंदीत, नकोतच. कुणाची सकाळ, कुणाची दिवसअखेर?

काम असं तोडा की एका शहरात पुरं होईल

सगळ्यात जास्त रात्री इथे वाचतात, म्हणून यावर थोडं सविस्तर.

मेल्विन कॉन्वे यांनी १९६८ साली मांडलेला मुद्दा आमच्या क्षेत्रात आजही रोज खरा ठरतो: एखादी संस्था जशी आपापसांत बोलते, तशीच तिने बनवलेल्या यंत्रणेची रचना होते. डेव्हलपमेंट पुण्यात, टेस्टिंग शिकागोत आणि डिझाइन म्युनिकला ठेवलंत, तर प्रत्येक स्टोरीला तिन्ही शहरांतून जावंच लागतं. एक बग सापडला की रात्र, दुरुस्त केला की रात्र, पुन्हा तपासला की रात्र. टेस्टर आणि डेव्हलपर कधीही वेगळ्या टाइम झोनमध्ये ठेवू नका. व्यवस्थापनाने खर्चाचं कारण दिलं तरी या मुद्द्यावर शेवटपर्यंत भांडा.

आम्ही कामाच्या प्रकारांऐवजी गोदामातल्या प्रवासाप्रमाणे वाटणी केली. माल आत घेणं आणि मोजणी पुण्याकडे. ऑर्डर आणि पॅकिंग म्युनिककडे. कुरिअर कंपन्यांशी जोडणी आणि लेबलं शिकागोकडे, कारण त्या कंपन्यांची माणसं तिथल्याच कामाच्या वेळेत फोन उचलतात. प्रत्येक शहरात कोड लिहिणारा, तपासणारा आणि तो भाग पुरता समजणारा असे तिघेही आहेत. त्यामुळे बहुतेक स्टोऱ्या त्या शहराच्या बाहेर न जाता संपतात.

सांधे तरीही उरतात. ऑर्डरचा भाग मोजणीच्या भागाला काय विचारणार आणि काय परत मिळणार, हे एपीआयचं ठरवणं कोड लिहायच्या आधी व्हायला हवं. आम्ही नमुन्याची उत्तरं फाइलमध्ये ठेवतो आणि त्यावर चालणारी नकली सेवा पहिल्याच दिवशी उभी करतो. खरी सेवा तयार व्हायची वाट कुणाला बघावी लागत नाही. त्या नमुन्यात बदल करणारा पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधला बदल तपासून सामील करायची विनंती) दोन्ही शहरांच्या होकाराशिवाय मर्ज होत नाही, म्हणजे मुख्य कोडमध्ये जात नाही. बाकी पीआर आपल्याच शहरातल्या सहकाऱ्याने तपासले की पुरे.

सूर्याबरोबर काम फिरवायचं, पुण्याने अर्धवट सोडलेलं म्युनिकने उचलायचं, तिथून शिकागोने, ही कल्पना सादरीकरणात फार छान दिसते. प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे ग्राहक वापरतो त्या यंत्रणेत, काही बंद पडलं असेल आणि कुणीतरी सतत त्याच्यावर लक्ष ठेवायला हवं असेल, तेव्हा ती खरंच उपयोगी पडते. एकाच फीचरचा कोड तिघांनी आळीपाळीने लिहायला मात्र ती वापरू नका. आधीच्याच्या डोक्यात काय चाललं होतं हे समजून घेण्यातच पुढच्याची सकाळ जाते.

प्रश्न असा लिहा की उत्तराला दुसरा प्रश्न लागू नये

आमच्या चॅनेलवर पूर्वी असे संदेश खूप यायचे: 'परत आलेल्या मालाचं नीट चालत नाहीये, जरा बघशील का?' याला म्युनिकहून येणारं पहिलं उत्तर ठरलेलं: 'नेमकं काय चालत नाहीये?' गेली एक रात्र.

आता टीमने सवय लावून घेतलेला संदेश असा असतो. आम्ही इंग्रजीत लिहितो, इथे मराठीत देते (बिल्ड म्हणजे कोडपासून तयार केलेली चालती आवृत्ती, स्टेजिंग म्हणजे ती ग्राहकाकडे जाण्याआधी तपासायची जागा):

'परत आलेल्या मालाची पावती स्कॅन केली आणि बॅच नंबर रिकामा असला, तर आपण एरर देतो. कालच्या बिल्डमध्ये स्टेजिंगवर पाहिलं, स्क्रीनशॉट टिकेटला जोडला आहे. ठरवायचं आहे ते एवढंच: गोदामातल्या माणसाला पुढे जाऊ द्यायचं की थांबवायचं? माझं मत, पुढे जाऊ द्यावं आणि "बॅच माहीत नाही" अशी नोंद ठेवावी, कारण माल दारात अडला तर मागचे ट्रक थांबतात. उद्या पुणे १०:३० पर्यंत वेगळं काही कळलं नाही तर मी हेच धरून काम सुरू करते. नंतर बदलायचं ठरलं तर साधारण अर्ध्या दिवसाचं काम आहे.'

काय दिसलं, कुठे दिसलं, कोणता निर्णय हवा, माझा कल काय, उत्तर आलं नाही तर मी काय करणार आणि ते उलटवायला किती लागेल. शेवटच्या दोन गोष्टी सगळ्यात मोलाच्या आहेत. त्यामुळे उत्तर आलं नाही तरी काम थांबत नाही, आणि वाचणाऱ्याला कळतं की हा निर्णय आज घ्यायलाच हवा की चालून जाईल.

हे रुजायला दोन गोष्टी लागतात. एक, प्रॉडक्ट ओनरने सगळ्यांसमोर सांगितलं पाहिजे की अशा रीतीने घेतलेला निर्णय नंतर बदलावा लागला तरी कुणाला बोल लावला जाणार नाही. हे नुसतं सांगून भागत नाही. पहिल्यांदा निर्णय बदलायची वेळ येते तेव्हा ती कशी वागते, यावर सगळी टीम लक्ष ठेवून असते. दुसरी, कोणत्या बाबतीत असं पुढे जायचं नाही याची छोटी यादी. आमच्याकडे त्यात तीन गोष्टी आहेत: ग्राहकाच्या बिलाचे आकडे, डेटा कायमचा पुसणं, आणि दुसऱ्या कंपनीला पाठवली जाणारी माहिती. त्यांच्या बाबतीत थांबायचं, नाहीतर सरळ फोन करायचा.

याबरोबर पुण्यात निर्णय घेणारं एक माणूस हवं. बटणाचं नाव, यादीचा क्रम, चुकीच्या नोंदीवरचा मजकूर अशा गोष्टींसाठी म्युनिक जागं व्हायची वाट बघू नये. आमच्याकडे एका ज्येष्ठ टेस्टरला तो अधिकार दिला आहे. ती ठरवते, त्याच दिवशी टिकेटवर लिहिते, प्रॉडक्ट ओनर दुपारी वाचते. हा अधिकार तोंडी देऊ नका. टीमच्या नियमांच्या पानावर तिच्या नावासकट लिहा, म्हणजे तिला दर वेळी 'मी ठरवू का?' असं विचारावं लागत नाही.

रोजचा स्टँडअप

स्क्रम या अजाइल पद्धतीच्या नियमपुस्तिकेत, स्क्रम गाइडमध्ये, डेली स्क्रम म्हणजे रोजचा स्टँडअप पंधरा मिनिटांचा आहे आणि तो डेव्हलपरांसाठी आहे. 'काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय' हे तीन प्रश्न २०२० च्या आवृत्तीत उरलेले नाहीत. तरीही अनेक टीममध्ये संध्याकाळी साडेसातला पंधरा जण पाळीपाळीने तेच म्हणत असतात. जे टिकेटवर दिसतं ते ऐकायला कुणाची संध्याकाळ मागू नका.

आमच्याकडे प्रत्येक शहर आपल्या सकाळी आपल्यापुरता स्टँडअप घेतं. घरी जाण्याआधी प्रत्येक जण आपल्या टिकेटवर चार ओळी लिहितो: कुठवर आलं, ब्रँच (कोडची कामापुरती वेगळी प्रत) कोणती, काय अडलं, कुणाकडून काय हवं. तिन्ही शहरांचा कॉल आठवड्यातून तीनदा, पंचवीस मिनिटांचा, आणि त्यात फक्त सांध्यावरची टिकेटं. ज्याचा त्यात संबंध नाही त्याने येऊ नये. न येणाऱ्याला कुणी काही म्हणत नाही, हे मी स्वतः जपते.

घरी जाताना मेन ब्रँच हिरवी

पुण्याने संध्याकाळी तुटलेला बिल्ड मागे ठेवला तर म्युनिकची दुपार आणि शिकागोचा पूर्ण दिवस जातो. म्हणून घरी निघण्याच्या तासभर आधीपासून कुणी मर्ज करत नाही. तरीही मेन ब्रँच, म्हणजे सगळ्यांचा एकत्र कोड, लाल झालीच, म्हणजे बिल्ड तुटला, तर कोणत्याही शहरातल्या कुणीही तो बदल उलटवावा, परवानगी न मागता. उलटवणं हा अपमान नाही, हे टीममध्ये पहिल्या दिवशीच बोलून घ्या. अर्धवट काम फीचर फ्लॅगमागे (कोडमधल्या चालू-बंद करायच्या स्विचमागे) ठेवा आणि पीआर लहान ठेवा. मोठा पीआर तपासणारा माणूस तो उद्यावर ढकलतो, आणि हा उद्या सगळ्यांनाच महाग पडतो.

शुक्रवारी रिलीज नको. शिकागोत शुक्रवारी संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा पुण्यात शनिवारची पहाट असते, साडेतीन किंवा साडेचार. तसंच स्प्रिंट सोमवारी सुरू करू नका, कारण पुण्याच्या सोमवारी सकाळी नऊ वाजता शिकागोत अजून रविवारची रात्र असते. आमचा स्प्रिंट बुधवार ते मंगळवार चालतो.

संध्याकाळ कुणाची

याबद्दल मला मनापासून वाटतं, म्हणून स्पष्ट लिहिते. ग्राहक आणि मुख्य कार्यालय तिकडे असलं की कॉलची वेळ आपोआप त्यांच्या सोयीची ठरते आणि पुण्यातली माणसं वर्षानुवर्षं संध्याकाळ देत राहतात. कुणी तक्रार करत नाही. मुलांचा अभ्यास, आई-वडिलांची औषधं, स्वयंपाक हे सगळं हेडफोन लावून, म्यूट करून चालू असतं. मग एक दिवस एखादी चांगली डेव्हलपर राजीनामा देते आणि कारणात 'वैयक्तिक' लिहिते.

आमच्या नियमाप्रमाणे पुण्यात रात्री आठनंतर कुणालाही कॉल नाही, प्रॉडक्शनची जबाबदारी पाळीने ज्याच्याकडे असेल तो सोडून. ज्याची पाळी असते त्याची दुसऱ्या दिवशीची सकाळ मोकळी. प्लॅनिंगसारखा लांबलचक कॉल असेल तर आळीपाळीने एकदा पुणे उशिरा थांबतं आणि पुढच्या वेळी शिकागो लवकर उठतं. शिकागोला सात म्हणजे उन्हाळ्यात पुण्यात साडेपाच, चहाची वेळ. आळीपाळीचं कॅलेंडर सहा महिन्यांचं आधी लावून टाका. दर वेळी विनंती करायची वेळ आली तर ती कुणी करत नाही.

कायदाही माहीत असू द्या. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार स्त्री कर्मचाऱ्याला रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात तिच्या संमतीशिवाय कामाला लावता येत नाही, आणि संमती असली तरी सुरक्षिततेची जबाबदारी मालकाची असते. जर्मनीत कामाच्या दोन दिवसांमध्ये सलग अकरा तासांची विश्रांती द्यावी लागते. म्हणजे म्युनिकच्या माणसाने रात्री दहापर्यंत काम केलं, तर दुसऱ्या दिवशी त्याने नऊच्या आत सुरुवात करायची नाही. ते लोक हे काटेकोर पाळतात. त्याचा राग मानू नका, आपल्या लोकांसाठीही तेवढंच काटेकोर व्हा.

सुट्ट्या

वर्षाच्या सुरुवातीला तिन्ही शहरांच्या सुट्ट्या एका पानावर घ्या. १ मेला महाराष्ट्र दिन आणि जर्मनीचा कामगार दिन एकत्र येतात. १५ ऑगस्टला आपल्याकडे स्वातंत्र्यदिन आणि म्युनिकला चर्चच्या सणाची सुट्टी. ऑगस्टभर बव्हेरियातल्या शाळा बंद असतात, त्यामुळे म्युनिकचे निम्मे लोक सलग दोन-तीन आठवडे नसतात. ते परतायला लागतात तेव्हा आपल्याकडे गौरी-गणपतीची धांदल, अर्धी टीम कोकणात. दिवाळीनंतर काही आठवड्यांत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी अमेरिकेत थँक्सगिव्हिंग येतं. ऑगस्टच्या मध्यापासून गणपती होईपर्यंत आम्ही मोठा रिलीज ठरवतच नाही.

पुणे म्हणजेही आता एक जागा राहिलेली नाही. आमच्यातला एक जण कोल्हापूरहून काम करतो, एक नागपूरहून, आणि ऑफिसला येणारेही रोज येत नाहीत. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली की घरून काम करणारा दोन-चार तास गायब. खराडीतले चार जण चहाच्या टपरीवर काही ठरवून आले, तर ते कोल्हापूरला आणि म्युनिकला सारखंच कळत नाही. जे ठरलं ते टिकेटवर लिहा. एक जण जरी लांबून कॉलवर असेल, तर सगळ्यांनी आपापल्या लॅपटॉपवरून कॉलला बसा. मीटिंग रूममधली कुजबुज बाहेरच्याला कधीच ऐकू येत नाही.

कॉलवरची शांतता

प्लॅनिंगमध्ये 'समजलं ना सगळ्यांना?' विचारलं की पुण्याकडून 'हो' येतं. शंका असते, पण पंधरा जणांसमोर, परक्या भाषेत, ती काढायला संकोच वाटतो. म्हणून तसं विचारूच नका. 'हे तू कसं करशील, पहिली पायरी काय?' असं विचारा आणि माणसाला नावाने हाक मारा. त्याहून चांगलं म्हणजे स्टोऱ्या प्लॅनिंगच्या दोन दिवस आधी वाचायला द्या आणि शंका टिकेटखाली लिहून घ्या. कॉलवर गप्प राहणारी माणसं लिहिताना फार नेमकं लिहितात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. रेट्रोचंही तसंच: मुद्दे आधी, नाव न घालता लिहायचे, कॉलवर फक्त वरचे दोन घ्यायचे.

आणि रेट्रोत एक आकडा दर वेळी समोर ठेवा: या स्प्रिंटमध्ये उत्तराची वाट बघत किती टिकेटांनी रात्र काढली. आम्ही त्यासाठी जिरामध्ये, म्हणजे टिकेटं ठेवायच्या टूलमध्ये, एक लेबल ठेवलं आहे. कोणत्या सांध्यावर ही लेबलं साठतात ते बघितलं की पुढे काय बदलायचं ते बहुतेक वेळा तिथेच कळतं.

प्रवासाचे पैसे मागून घ्या

वर्षातून एकदा तरी माणसं भेटली पाहिजेत, आणि ती भेट नवं काम सुरू होतानाच व्हायला हवी. ज्याच्याबरोबर आठवडाभर जेवलो, त्याचा तुटक संदेश आपण वेगळ्या मनाने वाचतो. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, तेव्हा बजेट मंजूर होताच नावं ठरवा. त्यात मॅनेजरांबरोबर टेस्टर आणि नवे डेव्हलपरही असू द्या. एकतर्फी नको, म्युनिक आणि शिकागोच्या लोकांनाही पुण्यात बोलवा. आम्ही पाहुण्यांना चाकणच्या एका गोदामात घेऊन जातो, जिथे हातात स्कॅनर घेऊन माणसं माल उतरवत असतात. भेटीच्या आठवड्यात सादरीकरणं ठेवू नका. दोन शहरांच्या जोड्या करून सांध्यावरची खरी टिकेटं सोडवायला बसवा, आणि शुक्रवारी निघण्याआधी कोणत्या गोष्टीसाठी कुणाला थेट फोन करायचा याची यादी एकत्र बसून लिहून घ्या.